ओस्मारच्या छातीतले बुडबुडे

ओस्मार लुदुएन्याच्या उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग एका सोमवारी कापून काढला. गाठ लवकर सापडली होती, कापलेल्या कडा स्वच्छ निघाल्या, तपासणीचा कागद चांगला आला, आणि सर्जनपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. एक किरकोळ बाब तेवढी राहिली. उरलेलं फुप्फुस गळत होतं.

गळत होती ती हवा. त्याच्या बरगड्यांमधून बोटभर जाडीची एक नळी बाहेर काढली होती. ती पुढे एका लांब, लवचीक नळीला जोडलेली, आणि ती लांब नळी पलंगाशेजारी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खोक्यात गेलेली. खोक्यात पाणी. फुप्फुसातून निसटलेली हवा त्या पाण्यातून वर यायची, बुडबुड, बुडबुड, आणि भिंतीतलं यंत्र ती ओढून घ्यायचं. नाही ओढली तर ती छातीत साचते आणि फुप्फुसाला चेपते, म्हणून हा सगळा संसार. साधारण तीन-चार दिवसांत फुप्फुस आपलं आपण मिटतं, बुडबुडे थांबतात, नळी निघते, माणूस घरी जातो. माझंही तसंच झालं. मी ओस्मारच्या नंतर एक दिवसाने कापला गेलो आणि तिसऱ्या दिवशी माझी नळी निघालीसुद्धा. संध्याकाळी ताप चढत होता म्हणून मला ठेवून घेतलं होतं एवढंच. ओस्मारचे बुडबुडे मात्र दुसरा आठवडा अर्धा झाला तरी चालूच होते.

आता हा ओस्मार करतो काय? पंक्चर काढतो. कोर्दोबा शहराच्या दक्षिणेला, घाऊक भाजीबाजाराच्या रस्त्यावर त्याचं टायरचं दुकान आहे, आणि एकेचाळीस वर्षं तो पाण्याच्या टबात ट्यूब दाबून बुडबुडे कुठून येतात ते बघत आलाय. देवाला विनोद करायचा असला की तो फार डोकं चालवत नाही.

"मास्तर," ओस्मार मला पहिल्याच दिवशी म्हणाला, कारण मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो हे कळायला त्याला चार मिनिटं लागली होती, "इतकी वर्षं मी पाण्याकडे वरून बघायचो. आता ट्यूबला काय वाटतं ते कळलं."

कोर्दोबात आईबाप ठेवतात ते नाव फक्त सरकारी कागदासाठी असतं. माणसाचं खरं नाव गाव ठेवतं. ओस्मारने आमच्या वॉर्डचं बारसं दोन दिवसांत उरकलं. सर्जन डॉक्टर पिकात्तो म्हणजे 'बिनथांब्याची बस': लांबून दिसते, आपण हात करतो, ती निघून जाते. निवासी डॉक्टर ताबोर्दा, सत्तावीस वर्षांची, सतत जागी, सतत धावणारी, ती 'राखीव चाक': रस्त्यात कुठे काही फुटलं की हिला बाहेर काढायचं. नर्स मिर्ताला त्याने नाव ठेवलं नाही. तिच्या हातात सुया होत्या.

पहिल्या शुक्रवारी, म्हणजे चौथ्या दिवशी, त्याची बायको नेलिदा लाल फीत घेऊन आली.

नेलिदाचं निदान पहिल्यापासून स्वतंत्र होतं. दुकानात नवा कॉम्प्रेसर घेतल्यापासून ओस्मारला नजर लागली होती. कोणाची, तेही तिला ठाऊक होतं, पत्त्यासकट. "फुप्फुसाचं काय घेऊन बसलात, त्या बाईने आमच्या लिंबाच्या झाडाकडे बघितलं तर तेही वाळलं," असं तिने मला सांगितलं आणि नळीला लाल फीत बांधली. नजर लागू नये म्हणून लाल फीत बांधणं यात नवल काही नाही; इथे बाळाच्या मनगटाला असते, टॅक्सीच्या आरशाला असते, माझ्या मुख्याध्यापकांच्या चावीला आहे आणि ते गणित शिकवतात. पण नेलिदाची फीत तिच्या आईच्या पद्धतीची होती. सात गाठी. जिने बांधली तिनेच सोडायची. दुसऱ्या कोणी सोडली तर नजर उठून त्याच्या अंगावर जाते, आणि कात्रीने कापली तर मग विचारूच नका.

"छान बसलीय," मिर्ता फितीकडे बघून म्हणाली आणि तिने तिला हात लावला नाही. कोणीच लावला नाही. येणारा प्रत्येक जण त्या फितीच्या आजूबाजूने काम करायचा, रस्त्याच्या मधोमध कोणाचं कुत्रं झोपलं असावं तसं.

सोमवारी आठवडा झाला. बुडबुडे होतेच. तेव्हा डॉक्टर ताबोर्दाने ओस्मारच्या दंडातून त्याचंच रक्त काढलं आणि नळीतून त्याच्याच छातीत सोडलं. फुप्फुसावर ते थिजतं आणि भोक बुजवतं, असा तो उपाय.

"म्हणजे पॅच," ओस्मार म्हणाला.

"पॅचच म्हणा, काका."

"आधी घासून घेतलंत का?"

"काय?"

"जागा. घासल्याशिवाय पॅच धरत नाही, पोरी. हे तर शिकाऊ पोरालाही माहीत असतं."

ती हसली, मग थांबली, आणि म्हणाली, "खरं तर दुसरं ऑपरेशन करावं लागलं तर आम्ही घासतोच."

हे तिने म्हणायला नको होतं. 'दुसरं ऑपरेशन' हे शब्द त्या खोलीत त्या दिवशी आले आणि नंतर गेलेच नाहीत.

बुधवारी संध्याकाळी, जेवणाचे ट्रे परत गेल्यावर, मी माते तयार केला, वाळक्या भोपळ्याच्या भांड्यात प्यायचा इथला कडू पाल्याचा चहा. मिर्ता आम्हाला दोन भोपळे भरून प्यायची परवानगी द्यायची, म्हणजे तिसऱ्या वेळी ती खोलीत येत नसे. ओस्मारने धातूच्या नळीतून एक घोट ओढला आणि भोपळा तसाच हातात धरून खोक्याकडे बघत बसला.

"मास्तर, एक सांगू? पहिल्या वेळी मी घाबरलो नव्हतो. काय असतं ते माहीतच नव्हतं. कापणार म्हणाले, म्हटलं कापा. आता माहीत आहे. शुद्धीवर आल्यावर तो पहिला श्वास." त्याने भोपळा दुसऱ्या हातात घेतला. "परत नाही जमणार मला. नेलिदाला बोलू नकोस."

"नाही बोलणार."

"बोललास तर तुझं नाव बदलीन. मी ठेवलेलं नाव जन्मभर टिकतं."

मग त्याने मला खोक्याकडे बघायला सांगितलं आणि तो खोकला. एकदा, हळूच, उशी छातीशी धरून. मग थांबला. मग परत खोकला.

"काय दिसलं?"

"बुडबुडे."

"इतिहासाचे मास्तर तुम्ही, तुम्हाला मेलेलंच दिसतं. नीट बघ. गेल्या आठवड्यात मी खोकलो की भसकन यायचे. श्वास घेतला की थांबायचे, सोडला की यायचे. आता? खोकलो काय, श्वास रोखला काय, सारखेच. एका लयीत. गळती फुप्फुसाची असेल तर ती फुप्फुसाच्या तालावर नको का चालायला?"

मी नीट बघितलं. शाळेच्या नळासारखी ती हवा येत होती: कोणी असो, नसो.

"मग कुठून येतेय?"

"तेच," तो म्हणाला आणि भोपळा मला परत दिला. "मला एक टब द्या आणि मला त्यात बुडवा, दोन मिनिटांत सांगतो."

गुरुवारी सकाळी बस आली. डॉक्टर पिकात्तो दारातून आत शिरताना बोलायला लागायचे आणि पलंगापाशी येईपर्यंत त्यांचं संपलेलं असायचं. त्या दिवशी ते म्हणाले की दहा दिवस पुरे झाले; ते वाट बघणारे सर्जन आहेत, पण वाट बघण्यालाही मर्यादा असते; उद्या सकाळी आठ वाजता छाती पुन्हा उघडू, गळती शोधू, बंद करू. यादी आज चारला थिएटरकडे जाईल. काही प्रश्न?

ते वळलेही होते.

"डॉक्टर," ओस्मार म्हणाला, "मी टायर खोलायच्या आधी व्हॉल्व्ह बघतो."

पिकात्तो थांबले. आमच्या खोलीत ते थांबल्याची ही पहिलीच नोंद.

"लुदुएन्या, मी तुमच्या दुकानात येऊन जॅक कुठे लावायचा ते सांगतो का?"

"सांगता, डॉक्टर. गाडीवाले सगळेच सांगतात. मी ऐकून घेतो आणि मग व्हॉल्व्हला थुंकी लावून बघतो. दहातल्या तीन गाड्यांना पंक्चरच नसतं."

"फुप्फुस म्हणजे टायर नव्हे."

"नाहीच. टायरची मी हमी देतो."

मिर्ताने खिडकीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते. पिकात्तोंनी ओस्मारकडे बघितलं, त्यात राग नव्हता, वीस वर्षांत ऐकलेल्या सगळ्या सल्ल्यांचा थकवा होता. "उद्या आठ," ते म्हणाले आणि गेले.

ताबोर्दा मागे राहिली. फाइलमध्ये काहीतरी लिहीत असल्यासारखी उभी होती, पण पेन चालत नव्हतं.

"काका, ती तपासणी मी केली होती," ती हळूच म्हणाली. "नळी छातीजवळ चिमट्याने क्षणभर बंद करायची. बुडबुडे थांबले तर गळती छातीत. थांबले होते. लिहिलंय इथे."

"कधी?"

तिने पान उलटलं. आणखी एक उलटलं. "दुसऱ्या दिवशी."

"आज कितवा?"

तिने फाइल मिटली.

"पोरी, माझ्याकडे एक टॅक्सीवाला येतो, अगुएरो. मागचं डावं चाक फुटलं म्हणून मी ते दुरुस्त केलं. आठ दिवसांनी गाडी परत तिरकी. तो म्हणतो, मागचं डावंच असणार, गेल्या वेळी तेच होतं. मी तासभर तेच चाक बघत बसलो. पुढचं उजवं बसलेलं होतं."

ताबोर्दाने फाइल माझ्या पलंगावर ठेवली आणि बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात दोन चिमटे होते, टोकांना रबर लावलेले. दुपारचा दीड वाजला होता. तिने ओस्मारच्या बरगडीपासून चार बोटांवर नळीला चिमटा लावला.

आम्ही तिघं खोक्याकडे बघत होतो. मिर्ता चौथी.

बुडबुड, बुडबुड.

ताबोर्दाने चिमटा नीट बसलाय का ते बघितलं. नीट होता. छातीतून काहीही येणं शक्य नव्हतं, आणि पाण्याला ते कोणी कळवलेलं नव्हतं. तिने तो चिमटा सोडला आणि दुसरा लावला, खाली, लाल फितीच्या पलीकडे, लांब नळीवर.

पाणी थांबलं. खोलीत इतकी शांतता झाली की शेजारच्या वॉर्डातला रेडिओ ऐकू आला. कोणीतरी फ्रीज विकत होतं.

"व्हॉल्व्ह," ओस्मार म्हणाला. अगदी हळू, चर्चमध्ये म्हणतात तसं.

चिमटा सुटला, बुडबुडे परत आले. छाती आणि खोकं यांच्या मध्ये, दोन नळ्यांच्या सांध्यावर, जिथे बाहेरची हवा आत शोषली जात होती, तिथे सात गाठींची लाल फीत होती. फुप्फुस कधीच मिटलं होतं, बहुधा सोमवारच्या त्या पॅचने. गेले तीन दिवस आमचा अख्खा वॉर्ड खोलीतली हवा मोजत होता.

"सोडा ती," ओस्मार म्हणाला.

कोणी हललं नाही.

"मिर्ता?"

"मी नाही बाबा. माझी सून सातव्या महिन्यात आहे."

"डॉक्टरीण बाई?"

ताबोर्दाने हात पुढे केला, मग मागे घेतला. तिच्या स्वतःच्या मनगटाला, घड्याळाच्या पट्ट्याखाली, एक बारीक लाल दोरा होता. मला तो तेव्हा पहिल्यांदा दिसला. "माझी शनिवारी परीक्षा आहे," ती म्हणाली. "विशेषज्ञाची. चार वर्षं त्यासाठी..." आणि मग स्वतःचीच लाज वाटून तिने फितीवरूनच चिकटपट्टी गुंडाळायला घेतली. पण सात गाठींच्या उंचवट्यांवर पट्टी काही बसेना. एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने हवा. ओस्मार ते बघत होता आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता. एकेचाळीस वर्षांत इतकं वाईट काम त्याच्या डोळ्यांदेखत झालेलं नसावं.

डॉक्टर पिकात्तोंना बोलावणं गेलं. ते आले, त्यांनी स्वतः चिमटे लावून बघितले, दोनदा. ते सरळ माणूस आहेत हे मला त्या वेळी कळलं, कारण ते ओस्मारला म्हणाले, "तुमचं बरोबर होतं." एवढंच. मग म्हणाले, "काढा हे फडकं."

"कोणी, डॉक्टर?" मिर्ताने विचारलं.

"कोणी म्हणजे? कोणीही. हा काय मूर्खपणा आहे. मी काढतो."

त्यांनी हात पुढे केला. बोटं पहिल्या गाठीला लागायच्या बेतात होती.

"तुम्हीच ठरवा, डॉक्टर," मिर्ता म्हणाली, आपलं हवामान सांगितल्यासारखी. "तुमच्या गाडीच्या आरशाला आहे तशीच ही. तुमच्या आईंनी बांधलीय ना ती?"

पिकात्तोंचा हात हवेत राहिला. उद्या त्यांच्या यादीत, ओस्मार धरून, तीन छात्या होत्या.

"रुग्णाच्या श्रद्धेचा आदर राखणं," ते हात मागे घेत म्हणाले, "हा उपचाराचाच भाग आहे. बायकोला बोलवा."

भेटीची वेळ चारची. यादी जायची तीही चारला. आणि त्या दिवशी शहरात बसचा संप होता. ओस्मारने मोबाइल लावला आणि स्पीकरवर टाकला.

"म्हातारे, कुठे आहेस?"

"दुकानात. का? काय झालं? ओस्मार, काय झालं?"

"काही नाही. फीत सोडायला ये."

पलीकडे कॉम्प्रेसर बंद झाला. मग नेलिदा म्हणाली, "कोणी सांगितलं तुम्हाला?"

हा प्रश्न कोणालाच नीट समजला नाही, पण वेळ नव्हता. तोपर्यंत सांधा आणखी सरकू नये म्हणून मिर्ता खुर्ची ओढून बसली आणि तिने तो, फितीसकट, मुठीत धरला. पुढचे दोन तास वॉर्डचा कारभार त्या खुर्चीवरून चालला. औषधं कोणाला, सुई कोणाला, सात नंबरच्या आजोबांनी चप्पल घातल्याशिवाय उठायचं नाही, सगळे हुकूम इथून सुटत होते आणि तिची मूठ मात्र हलत नव्हती. ताबोर्दा दर दहा मिनिटांनी येऊन पाणी बघायची. फिजिओथेरपीवाला आला आणि राहिला. स्वयंपाकघरातली बाई चहाचे कप न्यायला आली आणि राहिली.

पावणेचारला नेलिदा आली. भाजीबाजारातल्या एका गिऱ्हाइकाच्या ट्रकमधून, कांद्याच्या गोण्यांवर बसून. तिच्या आधी तिचा वास खोलीत शिरला. ती दारात थांबली, नऊ माणसं बघून.

"मेला की काय?"

"अजून नाही," ओस्मार म्हणाला. "तुझी वाट बघत होतो."

ताबोर्दाने तिला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. नेलिदा ऐकत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू तिच्या फितीच्या रंगाचा होत गेला. ती पलंगाजवळ आली, मिर्ताने मूठ सोडली, आणि नेलिदाने गाठी सोडायला सुरुवात केली. पहिल्या चार नखांनी सुटल्या. पाचवीला दात लावावे लागले. सर्जन, निवासी डॉक्टर, फिजिओथेरपीवाला आणि कपवाली बाई एका टायरवाल्याच्या बायकोला दाताने गाठ सोडताना बघत उभे होते, आणि घड्याळात चारला सहा मिनिटं होती.

सातवी सुटली. फीत निघाली. खालचा सांधा अर्धा निसटलेला होता, आणि त्याच्यावर असायला हवी ती रुंद पांढरी पट्टी नव्हती.

"ही पट्टी कुठे गेली?" पिकात्तोंनी विचारलं.

"मी काढली," नेलिदा म्हणाली. कोणाकडेही न बघता. "फीत अंगाला लागायला हवी. मध्ये काही आलं तर ती धरत नाही, असं माझी आई म्हणायची. म्हणून मी... तो टोकाचा चिकट कागद सोलला. वाटलं, असाच लावलेला असेल."

ताबोर्दाने एक ठोसा द्यावा तसा सांधा आत दाबला, वरून पट्टी गुंडाळली, दोनदा, तीनदा. सगळ्यांच्या माना खोक्याकडे वळल्या. एक बुडबुडा आला. आणखी एक, छोटा, उशीर झाल्यासारखा. मग काही नाही. पाणी असं दिसलं जसं ते पहिल्यापासून पाणीच होतं.

"खोका, काका," ताबोर्दा म्हणाली.

तो खोकला. काही नाही.

"जोरात."

"बरगड्या माझ्या आहेत, पोरी." पण तो जोरात खोकला. काही नाही.

पिकात्तोंनी खिशातून फोन काढला आणि थिएटरला सांगितलं की उद्याची आठची छाती रद्द. का, असं पलीकडून विचारलं असावं. "जोडणीतला दोष," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

तेव्हा ओस्मार बायकोकडे वळला. मला वाटलं आता बोलणार, आणि तो बोललाच.

"अडतीस वर्षं माझ्यासोबत राहिलीस. अडतीस वर्षं दुकानाच्या मागे झोपलीस. आणि व्हॉल्व्हचं टोपण काढून ठेवलंस?"

नेलिदाचे डोळे भरले होते, पण तिचं तोंड कधीच अडत नाही. "आणि तू एकेचाळीस वर्षं गावाची पंक्चरं काढलीस. स्वतःच्या काखेतली सापडायला तुला दहा दिवस लागले?"

"मला हात लावू देत नव्हते."

"गिऱ्हाइकाला तू हात लावू देतोस का कधी?"

सगळ्यात आधी मिर्ता हसली. मग फिजिओथेरपीवाला. ओस्मारने उशी छातीशी घट्ट धरली आणि तो हसला, मग कळवळला, मग परत हसला, आणि हसताना डोळे सतत खोक्यावर, पाणी हलतंय का बघत. हलत होतं, वरखाली, त्याच्याच हसण्यावर. पण बुडबुडा एकही नाही. कपवाल्या बाईने ताबोर्दाला मिठी मारली. ताबोर्दाने का म्हणून विचारलं नाही.

थोड्या वेळाने गर्दी पांगली तेव्हा नेलिदाने पर्समध्ये फीत ठेवली आणि पिकात्तोंना म्हणाली, "पण डॉक्टर, एक सांगा. फुप्फुस मिटलं ना?"

"मिटलं."

"फीत बांधल्यानंतरच मिटलं ना?"

पिकात्तो विज्ञानाचा माणूस. त्यांनी तारखा मनात लावल्या. शुक्रवार. सोमवार. "कालक्रमानुसार," ते म्हणाले, "हो."

"मग झालं तर."

यावर त्यांच्याकडे उत्तर असणार, चांगलं, लांबलचक, पुराव्यांसकट. पण त्यांच्याकडे अर्धा सांधा आणि आठ दिवस न केलेली तपासणीही होती. ते गप्प राहिले, आणि मी त्यांना त्याबद्दल मनातल्या मनात पूर्ण गुण दिले. पुढच्या आठवड्यात खात्याने एक सूचना लावली असं मला मिर्ताकडून कळलं: छातीच्या नळीची जोडणी रोज उघडी करून तपासावी, आणि संरक्षक फिती, पदकं व तत्सम वस्तू केवळ पलंगाच्या दांडीला बांधाव्यात, कमाल दोन. खाली पिकात्तोंची सही. 'कमाल दोन' हे कसं ठरलं, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

मी त्या सूचनेच्या आधीच घरी गेलो. पण त्या शुक्रवारची सकाळ मी पाहिली.

भिंतीतलं यंत्र त्यांनी आदल्या संध्याकाळीच बंद केलं होतं. आता फक्त पाणी होतं. नेलिदा पहिल्या बसने आली होती, संप मिटला होता, आणि ती खोक्यासमोर खुर्ची टाकून बसली होती, दूध उतू जाऊ नये म्हणून बसतात तशी. ओस्मार झोपला होता. दहा दिवसांत मी त्याला सलग तासभर झोपलेला बघितला नव्हता. त्या सकाळी तो पाठीवर, तोंड उघडं टाकून, घोरत होता.

बरोबर आठ वाजता पिकात्तो दारात आले. आत यायच्या आधी बोलायला लागले नाहीत. पलंगाजवळ येऊन खाली वाकले आणि पाणी बघितलं. श्वास आत, पाणी वर. श्वास बाहेर, पाणी खाली. मग परत. मध्ये काहीही नाही.

"फोटो चांगला आलाय, फुप्फुस पूर्ण फुललंय," ते कुजबुजले. "दुपारी नळी काढू. उठवा त्यांना, एकदा खोकून दाखवू दे."

"राहू दे, डॉक्टर," नेलिदा म्हणाली. "आठला भूल देणारच होतात ना? दिली समजा."

पिकात्तोंनी घड्याळ बघितलं. त्यांच्या यादीत आता दोन तास मोकळे होते. त्यांनी माझ्या पलंगाच्या पायथ्याची खुर्ची हळूच उचलली, आवाज न करता तिच्या शेजारी ठेवली, आणि तेही पाण्याकडे बघत बसले.